भिंतीवरचा आकडा

सकाळचे सव्वासात. मुगभाटातल्या मावशीच्या खोलीत चहाला उकळी फुटतेय, तेवढ्यात दाराची कडी वाजते. बाहेर विशीतला एक पोरगा उभा आहे. अंगात पोपटी जाकीट, हेल्मेट काखेत, नाकातोंडावर मास्क. अवजड बूट उंबऱ्याबाहेर काढून ठेवत तो म्हणतो, "मावशी, रीडिंग घेतो हं." आणि कोणी हो म्हणायच्या आत आतल्या खोलीत जातो. वर्षभर रोज येतोय, घरचाच झालाय.

आतल्या भिंतीला तडा आहे. खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून निघून तिरका छताकडे गेलेला. हा तडा माझ्या लहानपणापासूनचा. दर दिवाळीला काका त्यावर चुना फासायचे आणि दर पावसाळ्यात तो पुन्हा डोकावायचा. आता त्याच्या दोन्ही अंगांना टिकलीएवढ्या स्टीलच्या दोन चकत्या चिकटवल्या आहेत. प्रत्येकीच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा खळगा. पोरगा खिशातून डिजिटल कॅलिपर काढतो, त्याची टोकं दोन खळग्यांत टेकवतो, श्वास रोखून आकडा वाचतो. काढतो, पुन्हा टेकवतो, पुन्हा वाचतो. असं तीनदा. मग वहीत लिहितो आणि मोठ्याने सांगतो, कारण ऐकल्याशिवाय मावशीला चैन पडत नाही.

"पॉइंट चार, मावशी."

"काल?"

"कालही पॉइंट चार."

"मग बस. चहा घे."

पहिल्या दिवशी मोजलेल्या अंतरापेक्षा आज ०.४ मिलिमीटर जास्त, एवढाच या आकड्याचा अर्थ. वहीची चार पानं एकावर एक ठेवली तर होईल तेवढी जाडी. यातलं पावसाने ओली होऊन वाळलेल्या भिंतीचं किती, शंभरी ओलांडलेल्या लाकडी तुळयांचं किती आणि खाली चाललेल्या कामाचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. म्हणून एका आकड्याला काही किंमत नाही. कालचा, परवाचा आणि गेल्या महिन्याचा आकडा शेजारी मांडला की मगच तो बोलायला लागतो.

गॅलरीच्या लाकडी खांबाला गोटीसारखी चकाकणारी काच बसवली आहे. तिला प्रिझम म्हणतात. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पत्र्याच्या छोट्या छपराखाली एक यंत्र आपलं आपण मान वळवत असतं. ते या काचेवर किरण सोडतं, परत आलेला पकडतं आणि खांब कुठे आहे ते लिहून ठेवतं. मग शेजारच्या चाळीचा खांब, मग त्याच्या पुढचा. दिवसरात्र. वाडीतली पोरं त्या यंत्राला 'वॉचमन' म्हणतात.

आज ४ डिसेंबर २०२१, शनिवार. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पावसाने मुंबईला झोडपलंय, गॅलरीतले कपडे अजून दमट आहेत. मला आज खाली उतरायची परवानगी मिळाली आहे. मावशी कपबशी पुढे सरकवत म्हणते, "एवढा जातोयस तर विचारून ये, आमच्या पायाखाली नक्की काय चाललंय."

*

खाली रस्ता आहे तो जगन्नाथ शंकरशेठांच्या नावाचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. ती मुंबईत यावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत नाना शंकरशेठ आघाडीवर होते. त्यांच्याच रस्त्याच्या पोटातून आता दुसरी गाडी जायची आहे. कुलाब्याहून वांद्र्यामार्गे सीप्झला जाणारी मेट्रो-३. लांबी ३३.५ किलोमीटर, स्टेशनं २७, त्यांतली २६ जमिनीखाली.

रस्ता रुंद असेल तिथे भुयारी स्टेशन बांधायची सरधोपट रीत म्हणजे वरून खड्डा खणायचा, तळापासून स्टेशन बांधत वर यायचं आणि झाकण घालून रस्ता पूर्ववत करायचा. त्यासाठी दोनशेहून जास्त मीटर लांबीचा खड्डा लागतो. गिरगावात एवढी मोकळी जागा कुठून आणायची? इथे समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून बायका एकमेकींना मीठमसाला देतात. म्हणून इथे जेमतेम मावेल तेवढंच विवर वरून खाली नेलंय आणि तळाशी पोहोचल्यावर खडकात आडवं शिरून फलाटांच्या गुहा कोरायला घेतल्या आहेत. त्या विवराच्या जागीही कालपरवापर्यंत चाळी होत्या. तिथली बिऱ्हाडं बाहेर गेली आहेत, इथेच बांधून मिळणाऱ्या घरांच्या भरवशावर. पत्र्याच्या कुंपणाजवळून जाताना मला अजून तिथला जिना दिसतो.

फाटकाशी एक फळी आहे. तिच्यावर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याखाली नंबर. खाली उतरणारा माणूस आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवून जातो, वर आला की काढून घेतो. फळीवर जेवढे बिल्ले, तेवढी माणसं जमिनीच्या पोटात. मी मोजतो, २३. मला २४ नंबरचा बिल्ला मिळतो. संगणकाच्या जमान्यात ही फळी कशाला, असं माझ्या चेहऱ्यावर उमटलं असावं. फाटकावरचा माणूस म्हणतो, "साहेब, लाइट गेली तरी फळी दिसते."

मला न्यायला आलेली भूशास्त्रज्ञ तिशीची आहे, कऱ्हाडची. सगळे तिला मॅडम म्हणतात, मी ताई म्हणतो. कमरेला हातोडी, छातीवर वायू मोजणारी डबी, हातात पावसाने फुगलेली वही. ती माझ्या हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघते. "खाली गेल्यावर मी थांबा म्हटलं की थांबायचं, दादा. का ते नंतर विचारायचं."

*

लोखंडी जिना उतरत जातो तसा गिरगावचा आवाज मागे पडतो. आधी हॉर्न जातात, मग फेरीवाल्यांच्या आरोळ्या. शेवटी उरतो पंपांचा घरघराट आणि कुठूनतरी ठिबकणारं पाणी.

विवराच्या भिंती जवळून बघाव्यात अशा आहेत. एकाला एक लागून उभे काँक्रीटचे गोल खांब, मधे फट नाही. फट का नाही, ते ताई स्वतःची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवते. आधी एकाआड एक असे बिनसळईचे खांब जमिनीत ओततात. ते पुरते कडक व्हायच्या आत मधल्या जागांत यंत्र घालतात. ते दोन्ही बाजूंच्या खांबांची कड कापत खाली जातं आणि त्या भोकात सळया घालून दुसरे खांब ओततात. सगळे एकमेकांत रुतून बसतात. याला सीकंट पाइलची भिंत म्हणतात. गंमत म्हणजे माती उपसायच्या आधीच ही भिंत जमिनीत उभी असते. घर बांधताना आपण आधी पाया खणतो आणि मग भिंत घालतो, इथे भिंत घातल्यावर खणायला सुरुवात.

भिंत मातीच्या रेट्याने आत झुकू नये म्हणून आडवे आधार आहेत. समोरासमोरच्या भिंतींना रेलून बसलेले, मिठीत मावणार नाहीत एवढ्या जाडीचे पोलादी पाइप. त्यांतल्या एका पाइपावर छोटी पेटी आणि तिच्यातून निघालेली वायर. पाइपावर किती भार आहे ते ती सांगते. "हा आकडा दुपारी वाढतो," ताई म्हणते. "वरून ऊन आलं की पाइप फुगतो, भिंतींना रेटतो. संध्याकाळी उतरतो. नवीन मुलं पहिल्या दिवशी घाबरतात. मग कळतं की पाइपालाही दुपार होते."

वरच्या टप्प्यात भिंतीमागे भराव आहे आणि त्याखाली समुद्राची मऊ, काळपट चिकणमाती. विवर खणताना निघालेले तिचे नमुने लाकडी पेट्यांत जपून ठेवले आहेत. एका पेटीत मातीबरोबर शिंपल्यांचे तुकडे आहेत. चौपाटी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नवल नाही. त्याखाली पिवळा मुरूम आणि मग काळा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाच्या घराण्यातला.

एका वळणावर दोन पोरं जमिनीतून वर आलेल्या पाइपाशी बसली आहेत. एकाने चाकं लावलेली पोलादी कांडी त्या पाइपात सोडली आहे आणि केबलवरची खूण बघत तो ती अर्ध्या अर्ध्या मीटरने वर ओढतोय. दर थांब्याला दुसरा आकडा लिहितो. पाइप भिंतीमागे खोल पुरलेला आहे. भिंत कुठल्या खोलीवर किती वाकली, ते कांडी किती कलली यावरून कळतं. सबंध पाइप वाचायला बराच वेळ जातो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त आकडे बोलतात. पोथी वाचणारा आणि ऐकणारा बसावा तसे बसलेत.

"पाणी सगळ्यात लबाड," ताई तळातल्या पंपाकडे बोट दाखवते. मला वाटत होतं, चाळींना धोका असेल तर यंत्रांच्या धक्क्यांचा. ती मान हलवते. हादरे मोजण्याची यंत्रं आहेतच, पण खरी भीती मुकाट असते. खड्ड्यात झिरपणारं पाणी उपसत राहिलं की आजूबाजूच्या जमिनीतली पाण्याची पातळी उतरते. समुद्राची चिकणमाती पाण्याने फुगून बसलेली असते. पाणी गेलं की ती दबते आणि तिच्यावर बसलेलं सगळं तिच्याबरोबर खाली जातं. म्हणून कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, झाकण लावलेल्या बारीक नळ्या आहेत. त्यांत पाणी किती खोलवर लागतं ते रोज बघायचं. परवाच्या अवकाळीने ती पातळी थोडी वर आली आहे. "माझ्या दृष्टीने बरंच झालं," ती हसते.

मग ती एक गोष्ट सांगते, जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. अख्खी इमारत सारखी खचली, तर ती बहुधा तडकत नाही. एक कोपरा आधी खचला आणि दुसरा जागेवर राहिला, की भिंत फाटते. म्हणून चाळीच्या एकाच खांबावर काच लावून भागत नाही, चारी कोपऱ्यांना लावावी लागते. वाडीतल्या माणसांना हे कळायला जड जाऊ नये. चाळीचं तसंच असतं.

काळबादेवीच्या बाजूला २०१८ साली पारशी मंडळी बोगद्याच्या प्रश्नावर हायकोर्टात गेली होती. त्यांच्या आतशबेहरामांच्या, म्हणजे अग्निमंदिरांच्या, विहिरींचं पाणी ही त्यांची एक मोठी चिंता होती. तेव्हा अनेकांना ती निव्वळ श्रद्धेची बाब वाटली. या विवरात उभं राहिल्यावर मला ती इंजिनिअरिंगचीही वाटते.

*

तळाशी आलो. मान वर केली तर आभाळ टेबलाएवढं दिसतं. समोर खडकात कोरलेलं कमानीचं तोंड आहे आणि त्यातून पिवळी, जाड, फुगलेली हवेची नळी आत गेली आहे. तोंडाशी छोट्या फळीवर गणपती, विश्वकर्मा आणि त्यांच्या शेजारी एका ख्रिस्ती संतिणीचं चित्र. ती सेंट बार्बरा, खाणीत आणि बोगद्यात उतरणाऱ्यांची रक्षणकर्ती. युरोपात ४ डिसेंबर हा तिचा दिवस पाळतात. मागे कोणी परदेशी तज्ज्ञ ते चित्र चिकटवून गेला, काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. आज तिघांपुढे मिळून एकच उदबत्ती लावली आहे आणि झारखंडचा एक फोरमन सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवतोय.

आत हवा दमट, गरम. वीसेक पावलांवर गुहेचा शेवट आहे. इथले लोक त्याला 'फेस' म्हणतात. खरंच, खडकाचा चेहराच तो. पोकलेनला लावलेला ब्रेकर त्यावर टोचे मारतोय, आवाजाने छातीचा पिंजरा थरथरतो. धावत्या गाडीचे गोल बोगदे टीबीएम नावाचं अजस्र यंत्र एका दमात कापत जातं. पण फलाटाच्या गुहेचा आकार रुंद, कमानीचा आणि ठिकठिकाणी बदलणारा. तिथे हे असं थोडं थोडं कोरत जायचं. आधी वरचा अर्धा भाग, मग खालचा. एका खेपेला साधारण एक मीटर. एका मीटरवर थांबायचं, तेवढं सावरायचं, मग पुढचा मीटर.

ब्रेकर थांबतो. धूळ खाली बसते. ताई पुढे होते आणि हातोडीने खडक वाजवत जाते. ठण. ठण. ठण. मग एका ठिकाणी थप्. ती तिथेच थांबते. काळ्या दगडात हातभर रुंदीचा विटकरी लाल पट्टा तिरका गेलाय. ती नखाने खरवडते, माती सुटते. दोन लाव्हांच्या थरांमधली जुनी, भाजलेली जमीन. ओली झाली की साबणासारखी. वहीत ती फेसचं चित्र काढते. भेगा किती, कुठल्या दिशेने, त्यांत माती आहे का, पाणी आहे का. रोजच्या प्रत्येक मीटरचं असं एक चित्र तिच्या वहीत आहे. सहा बाबींना आकडे देऊन ती एक हिशेब मांडते. ही 'क्यू' पद्धत नॉर्वेतल्या लोकांनी १९७४ साली बसवली. आलेल्या उत्तरावरून ठरतं, खडकाला टेकू किती द्यायचा. आजचं उत्तर कालच्यापेक्षा कमी आलंय. ती फोरमनला सांगते, "आज बोल्ट ज्यादा लगेंगे." फोरमन कपाळाला हात लावत नाही, रुसत नाही. मान डोलावतो.

मग पाइपांच्या नाकाडासारखा हात असलेली गाडी पुढे येते. चालक गाडीत बसलेला नसतोच. तो मागे उभा, कमरेला रिमोटची पेटी बांधून. नळीच्या तोंडातून काँक्रीटचा फवारा सुटतो आणि खडकावर आदळून चिकटतो. याला शॉटक्रीट म्हणतात. त्यात मिसळलेल्या रसायनामुळे ते काही मिनिटांत घट्ट धरतं, साचा लागत नाही. फवारा खडकावर काटकोनातच बसला पाहिजे, नाहीतर उसळून अर्धा माल जमिनीवर पडतो. चालक पेटीवरच्या दांड्या अंगठ्याने हलवतो आणि नळीचं तोंड गोल गोल फिरत जातं. अंगण सारवणारी बाई हात फिरवते तसं. पाहता पाहता लाल पट्टा राखाडी लेपाखाली दिसेनासा होतो. लेप पहिल्यांदा पाचेक सेंटिमीटरचाच. त्यावर जाळी, सळयांची कमान, पुन्हा लेप आणि मग खडकात खोल भोकं पाडून त्यांत सिमेंटच्या रबडीसकट ठोकायचे लांब पोलादी बोल्ट.

मला हे सगळं फार पातळ वाटतं. डोक्यावर पंधरा-वीस मीटर जमीन, तिच्यावर रस्ता, बेस्टची बस, मावशीची चाळ, आणि आधार एवढासा लेप?

"लेप भार उचलत नाही, दादा. खडकच उचलतो," ताई म्हणते. ही विचारसरणी ऑस्ट्रियातली. लाडिस्लाउस फॉन राबसेविच आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६०च्या दशकात ती पद्धत म्हणून मांडली आणि तिचं नाव पडलं न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड. इथे सगळे नुसतं 'एनएटीएम' म्हणतात. जुनी रीत म्हणजे भोक पाडायचं आणि भक्कम दगडी किंवा लोखंडी कमान घालून खडकाला तोलून धरायचं. नवी रीत म्हणते, भोवतीच्या खडकाला थोडासा आत सरकू द्या. सरकताना तो आपल्याच कडांनी एकमेकांत अडकतो आणि भोकाभोवती आपली आपण कमान धरतो. पातळ लेप आणि बोल्ट हे त्याला सैल पडू न देण्यापुरते. मात्र 'थोडासा' म्हणजे नेमकं किती, हे कागदावर आधी नीट सांगता येत नाही. ते रोज मोजायचं.

गुहेच्या कमानीवर आणि दोन्ही कडांना रुपयाएवढे चकाकते ठिपके लावलेत. दर काही मीटरवर तसेच. त्यांच्याकडे दुर्बीण रोखून एक मुलगा आकडे घेतोय. तोच सकाळचा पोरगा. मला बघून मास्कमधून हसतो.

आणि अचानक तो हसायचा थांबतो. पुन्हा दुर्बिणीत बघतो. पुन्हा आकडा घेतो. ताईजवळ जाऊन वही दाखवतो. मागच्या एका कमानीच्या माथ्यावरचा ठिपका काल संध्याकाळपासून ४ मिलिमीटर खाली आलाय. रोज अर्धा, कधी शून्य, असं चाललेलं असताना एकदम ४.

ताई हात वर करते. "थांबा."

पोकलेन बंद. फवारा बंद. सगळे न बोलता फेसपासून मागे, गुहेच्या तोंडाशी येतात. कोणी धावत नाही, कोणी ओरडत नाही. नियमच तसा आहे. आकड्याला आधी मान द्यायचा, कारण मागाहून शोधायचं. पंपांचा आवाज तेवढा उरलाय आणि उदबत्तीचा वास.

तिथे थांबल्या थांबल्या ती मला सिंगापूरची हकिगत सांगते. २० एप्रिल २००४. निकोल हायवेच्या कडेला मेट्रोसाठी खणलेला खड्डा ३० मीटरच्या आसपास खोल गेलेला. भिंतींना रेलून असलेले पोलादी आधार जिथे आडव्या तुळयांना टेकतात, ते सांधे कच्चे निघाले. एक आधार सुटला, त्याचा भार शेजारच्यावर गेला, तोही सुटला आणि वरचा हमरस्ता खड्ड्यात आला. चार माणसं गेली. त्यांतला एक फोरमन इतरांना बाहेर काढता काढता आत राहिला. चौकशीत निघालं की भिंत वाकत असल्याचं यंत्रं आधीपासून सांगत होती. आकडे घेतले जात होते, पण त्यांचा अर्थ लावण्यात चूक झाली. "ही गोष्ट आम्ही प्रत्येक नव्या मुलाला सांगतो," ती म्हणते. "मोजणं सोपं आहे. आकडा मनाविरुद्ध आला की त्याचं ऐकणं अवघड."

पाऊण तास जातो. दुसऱ्या दुर्बिणीने, दुसऱ्या जागेवरून, दुसरा माणूस तेच ठिपके मोजतो. शेजारचे सगळे ठिपके जागच्या जागी आहेत. मग शिडी लावून, डोक्यावरचा खडक तपासत, फोरमन त्या एका ठिपक्याजवळ जातो आणि वरून ओरडतो, "मॅडम, पाइप लगा है इसको!" हवेची नळी पुढे ओढताना तिच्या लोखंडी कड्याचा धक्का बसून ठिपक्याची पट्टीच वाकली आहे. खडक हललाच नव्हता.

मी सुटकेचा श्वास सोडतो आणि मनात येतं, आता कोणीतरी त्या पोरावर डाफरणार. फुकट गेलेल्या वेळेचा हिशेब काढणार. ताई त्याच्या पाठीवर थाप मारते. "बरं केलंस." नवा ठिपका लावला जातो, नवं पहिलं माप घेतलं जातं आणि ब्रेकर पुन्हा सुरू होतो. आजचा मीटर आता संध्याकाळपर्यंत होईल न होईल.

*

वर आलो तेव्हा चार वाजून गेलेत. डोळ्यांना ऊन सोसवत नाही. मी २४ नंबरचा बिल्ला खिळ्यावरून काढून परत देतो. पाळी बदलतेय, एकेक जण आपापला बिल्ला काढतोय. खालून निघालेला दगड एका बाजूला रचून ठेवलाय. डंपर रात्री येतील, दिवसा या रस्त्याला त्यांचं ओझं झेपायचं नाही.

मावशी गॅलरीतच उभी आहे. "काय रे, काय आहे खाली?"

"दगड आहे. काळा, चांगला. मधे एक लाल पट्टा आहे."

"आणि माणसं?"

"सावध आहेत."

एवढं तिला पुरतं. ती वाटीतून साबुदाण्याची खिचडी पुढे करते. शनिवारचा उपास तिचा. समोरच्या गच्चीवरचा वॉचमन आमच्या खांबाकडे मान वळवतो, क्षणभर थांबतो आणि पुढच्या चाळीकडे वळतो.

*

आता २०२५ सरत आलंय. मेट्रो-३च्या बोगद्यांचं शेवटचं, ४२वं तोंड ३० नोव्हेंबर २०२२ला महालक्ष्मीत उघडलं. आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाला आणि ९ ऑक्टोबर २०२५पासून गाडी थेट कफ परेडपर्यंत धावते. गिरगावच्या फलाटावर उभं राहिलं तर लख्ख फरशा, जाहिराती आणि थंड हवा. लाल पट्टा, बोल्ट, शॉटक्रीट हे सगळं त्यामागे, पाणी अडवणाऱ्या प्लास्टिकच्या आणि काँक्रीटच्या थरांआड गेलंय. मी त्या भिंतीला हात लावून बघतो. शेजारचा माणूस माझ्याकडे संशयाने बघतो.

सकाळचा तो पोरगा आता ठाणे-बोरिवली बोगद्याच्या कामावर आहे. मावशीला सणासुदीला फोन करतो. तिच्या भिंतीवरच्या चकत्या अजून आहेत. रंगाऱ्याने त्यांच्यावरूनच हात मारलाय.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. मी राहतो त्या डोंबिवलीत माझ्या गल्लीत सध्या तीन जुन्या इमारती पाडून टॉवर होतायत. प्रत्येकाला गाड्यांसाठी तळघर हवंय, म्हणजे प्रत्येकाचा खड्डा शेजाऱ्याच्या भिंतीला लागून. मेट्रोइतका खोल नसेल, पण माती दबते ती खोली विचारून दबत नाही, पाणी उतरलं की दबते. त्या तीन खड्ड्यांच्या कडेला मी एकही नळी पाहिली नाही, शेजारच्या भिंतींवर एकही चकती नाही. तुमच्या गल्लीतही असा एखादा खड्डा असेलच. पहिला फावडा पडायच्या आधी सोसायटीतर्फे लेखी विचारा. आमच्या इमारतीचे आत्ताचे तडे कोणी मोजून, फोटो काढून ठेवलेत का? खोदकाम चालू असताना रोज कोण मोजणार? आणि कुठला आकडा आला की काम थांबणार? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.